इंजिनाची मशागत

जुन्या गाडीची ताकद वाढवायची म्हटली की बहुतेक जण पहिल्यांदा कार्ब्युरेटर विकत घेतात. तो दिसायला देखणा असतो, बॉनेट उघडताच नजरेत भरतो आणि चार नट काढून एका दुपारात बसवता येतो. बसवल्यावर आवाज वाढतो, पेट्रोल जास्त लागते आणि गाडी होती तेवढीच पळते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? इंजिनात जेवढी हवा शिरू शकते तेवढीच ताकद बाहेर येते, आणि हवेची वाट अडलेली असते ती बहुधा कार्ब्युरेटरच्या पुढे, हेडच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या वळणावर.

टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या इंजिनात हवा कोणी ढकलत नाही. पिस्टन खाली गेला की सिलिंडरमधला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा स्वतःच्या दाबाने आत येते. समुद्रसपाटीला हा दाब साधारण १०१३ मिलिबार असतो. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटर उंचीवर, तो सुमारे पंधरा टक्क्यांनी उतरलेला असतो. पसरणीचा घाट चढून आलेली जुनी गाडी वर गेल्यावर मंदावते, त्यात चढाबरोबर या विरळ हवेचाही हात असतो. म्हणजे भांडवल ठरलेले आहे. शिवाय वेळ फार थोडा. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर पिस्टनला वरून खाली यायला फक्त ५ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात हवेने फिल्टर, कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड, पोर्ट आणि व्हॉल्व्हची फट एवढा प्रवास करून सिलिंडर भरायचा. हा श्वास मोठा कसा करायचा आणि तो किती वेळा घ्यायचा, या दोन प्रश्नांभोवती सगळे ट्यूनिंग फिरते. तिसरा प्रश्न, आत आलेली हवा नीट जाळायची कशी, हा याच दोघांच्या मागोमाग येतो.

हे सगळे समजून घ्यायला मिनीच्या इंजिनासारखे दुसरे उदाहरण नाही, कारण श्वासाच्या बाबतीत ते जन्मतःच अधू आहे.

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे बीएमसी, ही ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन झालेली कंपनी. त्यातल्या ऑस्टिनचे ए-मालिकेचे इंजिन १९५१ साली ऑस्टिन ए-३० या छोट्या गाडीत पहिल्यांदा आले. ८०३ सीसी, २८ अश्वशक्ती. १९५९ साली ॲलेक इसिगोनिसची मिनी आली तेव्हा हेच इंजिन ८४८ सीसीचे करून आडवे बसवले आणि गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली तेलाच्या टाकीतच घातला. पुढे २००० साली जुनी मिनी बंद होईपर्यंत हे इंजिन चालू होते. आपल्याकडच्या ॲम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षे धावलेले १४८९ सीसीचे इंजिन याच घराण्यातल्या बी-मालिकेचे, म्हणजे मिनीच्या इंजिनाचा थोरला भाऊ. ज्याने ॲम्बॅसेडरचे हेड उतरवलेले पाहिले आहे त्याला मिनीचे हेड ओळखीचे वाटेल. खोडही तीच आहे.

खोड अशी की सिलिंडर चार आणि हवेची दारे दोनच. पहिला आणि दुसरा सिलिंडर एका पोर्टमधून श्वास घेतात, तिसरा आणि चौथा दुसऱ्यातून. धूर बाहेर जायला तीन दारे, त्यातले मधले दोन सिलिंडरांत सामाईक. कारखान्यात हे स्वस्त पडते आणि हेड लहान राहते. पण स्फोटाचा क्रम १-३-४-२ असल्यामुळे तिसऱ्याच्या पाठोपाठ चौथ्याचा श्वास येतो आणि दुसऱ्याच्या पाठोपाठ पहिल्याचा. इनलेट व्हॉल्व्ह जर २७० अंश उघडा राहत असेल आणि दोन श्वासांत अंतर १८० अंशांचे असेल, तर ९० अंश दोन्ही शेजारी एकाच पोर्टवर तोंड लावून असतात. एकाचे पुरते भरलेले नसते तोच दुसरा ओढू लागतो. मग पोर्ट बराच वेळ रिकामा पडून राहतो. म्हणून या इंजिनात चारही सिलिंडर सारखे कधीच भरत नाहीत, आणि कॅम व्हॉल्व्ह जितका जास्त वेळ उघडा ठेवतो तितकी ही चोरी वाढते.

असे असूनही हे इंजिन ट्यूनरांचे लाडके झाले, त्याचे श्रेय हॅरी वेस्लेक या माणसाकडे जाते. हेडमधली हृदयाच्या आकाराची ज्वलनजागा त्याची. दोन व्हॉल्व्हच्या मधे आत घुसलेले टोक मिश्रणाला घुसळते आणि ठिणगीनंतर ज्योत चटकन पसरते. पुढे विल्टशर परगण्यातल्या डाउनटन गावात डॅनियल रिचमंड याने हेच हेड हाताने कोरून असे काही काम करून दाखवले की बीएमसीनेच त्याचा सल्ला घ्यायला सुरुवात केली. आणि तिसरा माणूस जॉन कूपर. १९५९ आणि १९६० साली जॅक ब्रॅबहॅम ज्यांच्या गाडीतून जगज्जेता झाला ते कूपर. कूपरच्या आग्रहावरून १९६१ साली ९९७ सीसीची, ५५ अश्वशक्तीची मिनी कूपर निघाली आणि १९६३ पासून कूपर एस.

कूपर एसकडे मी जरा थांबून पाहतो, कारण बीएमसीने नकळत एक सुंदर प्रयोग करून ठेवला आहे. एसची तीन इंजिने आली: ९७०, १०७१ आणि १२७५ सीसी. तिन्हींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, एकच: ७०.६ मिलिमीटर. फरक फक्त स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या धावेचा: ६१.९, ६८.३ आणि ८१.३ मिलिमीटर. म्हणजे श्वास घेण्याची यंत्रणा जवळजवळ सारखी आणि फुप्फुस तीन मापांचे. ९७० ने ६५ अश्वशक्ती दिली, तीही ६५०० फेऱ्यांना. १२७५ ने दिली ७६, पण ५८०० च्या आसपासच. सीसी सुमारे तीस टक्के वाढली तरी ताकद सतराच टक्के वाढली, कारण हेडमधून जाणाऱ्या हवेला मर्यादा होती. मात्र टॉर्क, म्हणजे क्रँकला बसणारा पीळ, ७५ न्यूटन-मीटरवरून १०७ वर गेला आणि तोही अवघ्या ३००० फेऱ्यांना. ९७० ही हजार सीसीखालच्या शर्यतींच्या गटासाठी काढलेली गाडी, ती लवकरच बंद झाली. १०७१ ने १९६४ साली पॅडी हॉपकर्कला मोंटे कार्लो रॅली जिंकून दिली. पण रस्त्यावर लोकांनी मनापासून चालवली ती १२७५. सिग्नलवरून निघताना, घाटात ट्रकच्या मागून सुटताना, तिसऱ्या गिअरमध्ये बोलत बोलत चालवताना कामाला येतो तो हा खालचा पीळ. कागदावरचा अश्वशक्तीचा आकडा वर्षातून दोनदा भेटतो.

माझे मत सरळ आहे. रस्त्यावर चालवायच्या गाडीचे इंजिन बांधताना आधी ठरवावे की ते किती फेऱ्यांवर जास्त वेळ राहणार आहे. दहा इंची चाकांची आणि ३.४४ च्या फायनल ड्राइव्हची मिनी ताशी शंभरला साधारण ४००० फेरे घेते. म्हणजे रोजचा सगळा व्यवहार २००० ते ४५०० मध्ये. इंजिन तिथे गोड वाटले पाहिजे. साडेसहा हजारांवर किंचाळणारे आणि अडीच हजारांवर खोकणारे इंजिन शर्यतीच्या मैदानात शोभते, दादरच्या सिग्नलला नाही.

आता प्रत्यक्ष काम. १२७५ च्या ब्लॉकला सर्वांत लोकप्रिय काम म्हणजे सिलिंडर ७३.५ मिलिमीटरपर्यंत बोअर करणे. त्यामुळे १३८० सीसी होतात. ब्लॉकमध्ये फारसे मांस उरत नाही, त्यामुळे आधी भिंतीची जाडी तपासून घ्यावी लागते, पण कामाचा रस्ता मळलेला आहे. गंमत अशी की यात न मागता कॉम्प्रेशनही वाढते. एसचे कॉम्प्रेशन ९.७५ होते, म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी जागा प्रत्येक सिलिंडरला सुमारे ३६.४ घन सेंटिमीटर. बोअर वाढवल्यावर एका सिलिंडरची झेप ३४५ घन सेंटिमीटर होते. वरची जागा तेवढीच ठेवली तर कॉम्प्रेशन आपोआप साडेदहाच्या जवळ पोचते. कॉम्प्रेशन वाढले की तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम निघते, आणि हा फायदा सगळ्या फेऱ्यांवर मिळतो. ट्यूनिंगमध्ये अशा फुकटच्या गोष्टी थोड्या असतात. पण साडेदहाच्या पुढे साध्या पेट्रोलवर गाडी नॉक करू लागते: ठिणगीची ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातले मिश्रण स्वतःच भडकते आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा आवाज येतो. तो आवाज महिनाभर ऐकत राहिलात तर पिस्टनच्या कडा झिजून फुटतात.

म्हणून हे आकडे अंदाजाने घ्यायचे नसतात, मोजायचे असतात. मोजण्याची रीत अशी. हेड उलटे करून टेबलावर अगदी समतल ठेवायचे. व्हॉल्व्ह आणि प्लग बसवायचे. ज्वलनजागेच्या कडेला ग्रीसचा पातळ थर लावून त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिकची चकती दाबायची, चकतीला काठाजवळ एक भोक. मग शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी ब्युरेट घेऊन त्या भोकातून रंग घातलेले रॉकेल थेंब थेंब सोडायचे. चकतीखाली बुडबुडा सरकत सरकत भोकाशी येतो आणि नाहीसा होतो, तिथे तोटी बंद. ब्युरेटवर आकडा वाचायचा: साधारण २१ घन सेंटिमीटर. हेच चारही जागांना करायचे आणि ज्या जागा लहान निघतील त्या किंचित कोरून चारी सारख्या आणायच्या. उरलेला हिशेब पिस्टनच्या खोलगट माथ्याचा, गॅस्केटच्या जाडीचा आणि पिस्टन ब्लॉकच्या कडेपासून किती खाली राहतो त्याचा. अर्ध्या दिवसाचे कंटाळवाणे काम आहे. मन लावून ते करणारा मेकॅनिक मिळाला तर त्याला सोडू नये.

हेडवर पैसे खर्च करायचे ते कुठे, याबद्दल मोठा गैरसमज आहे. पोर्ट आतून आरशासारखा चकाकवला म्हणजे हवा जास्त जाते असे अनेकांना वाटते. तसे काही होत नाही. उलट इनलेट पोर्ट फार गुळगुळीत असेल तर पेट्रोलचे थेंब भिंतीवर साचतात, थोडा खडबडीतपणा त्यांना पुन्हा हवेत मिसळायला मदत करतो. खरी अडवणूक व्हॉल्व्हच्या लगतच्या गळ्यात असते, जिथे वाट वळते आणि अरुंद होते. तिथली कड काढून वळण मोकळे केले, व्हॉल्व्हच्या बैठकीला ३०, ४५ आणि ६० अंशांचे तीन कोन दिले आणि एसच्या मापाचे ३५.६ मिलिमीटरचे इनलेट व्हॉल्व्ह बसवले की काम बरेचसे झाले. पोर्ट उगाच मोठा करणे हा दुसरा मोह. वाट रुंद झाली की हवेचा वेग पडतो, आणि कमी फेऱ्यांवर हवा आत भरते ती त्या वेगाच्याच जोरावर.

याच जोराचा संबंध कॅमशी आहे, आणि सगळ्यात जास्त इंजिने बिघडतात ती इथे. कॅम ठरवतो की व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा आणि कधी बंद करायचा. यातला बंद होण्याचा क्षण सर्वांत महत्त्वाचा. पिस्टन तळाला पोचून परत वर निघाला तरी इनलेट व्हॉल्व्ह काही काळ उघडाच ठेवतात. जास्त फेऱ्यांवर पोर्टमधला हवेचा लोंढा वेगात असतो, तो थांबत नाही, पिस्टन वर येत असतानाही आत घुसत राहतो. तिथे उशिरा बंद होणे फायद्याचे. पण हजार-दीड हजार फेऱ्यांवर लोंढ्याला जोर नसतो आणि वर येणारा पिस्टन भरलेले मिश्रण पुन्हा पोर्टमध्ये ढकलून देतो. कागदावर कॉम्प्रेशन साडेदहा, प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये अडकलेली हवा कितीतरी कमी. मग आयडलिंगला इंजिन लंगडते आणि क्लच सोडताना गाडी हिसके देते. ए-मालिकेच्या कॅमच्या कॅटलॉगात २५६, २६६, २७६, २८६ असे अंशांचे आकडे असतात. ग्राहकाची नजर खालच्या ओळीवर जाते. रस्त्यासाठी मी २६६ च्या पुढे जाणार नाही, आणि सामाईक पोर्टमधली ती चोरी लक्षात घेतली तर या इंजिनाला सबुरी जास्तच मानवते. उघडी राहण्याची वेळ न वाढवता व्हॉल्व्ह जास्त खोल उघडायचा असेल तर मूळच्या सव्वा पटीऐवजी दीड पटीचे रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफा, बसवता येतात. वीस टक्के जास्त उघडीप मिळते.

हे झाल्यावर कार्ब्युरेटर. मूळ एसला एसयू बनावटीचे सव्वा इंची दोन कार्ब्युरेटर होते. रस्त्याच्या १३८० ला पावणेदोन इंची एक एसयू पुरतो आणि तो सांभाळायला सोपा. एसयूची रचना मला फार आवडते. आत एक पिस्टन हवेच्या ओढीप्रमाणे वरखाली होतो आणि त्याला लटकलेली निमुळती सुई जेटमधून पेट्रोल मोजून सोडते. इंजिनाला हवी तेवढीच वाट उघडते, म्हणून तो थोडा मोठा असला तरी इंजिन गुदमरत नाही. वरची टोपी फिरवून डॅशपॉटमध्ये पातळ तेल आहे ना एवढे पाहत राहावे, ते आटले की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर अडखळते. दोन घशांचा वेबर दिसतो भारी, आणि मोठ्या कॅमवर काम करतोही, पण मिनीत तो डॅशबोर्डच्या भिंतीत घुसतो आणि चार सिलिंडरांना दोनच पोर्ट असल्याने त्याचा अर्धा गुण वाया जातो. सायलेन्सरच्या बाजूला मधल्या सामाईक दाराची नळी लांब ठेवलेला मॅनिफोल्ड घ्यावा, म्हणजे शेजारच्या सिलिंडरचा धूर मागे फिरत नाही.

आतापर्यंत वरचे मजले झाले. पाया वेगळाच हिशेब मागतो. ६००० फेऱ्यांना वरच्या टोकाशी दिशा बदलताना पिस्टनवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोन हजार पट ताण येतो. पाव किलोचा पिस्टन त्या क्षणी अर्ध्या टनाने रॉड ओढतो. हा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो: ६००० वरून ७००० म्हणजे सतरा टक्के जास्त फेरे, पण छत्तीस टक्के जास्त ओढ. शिवाय ए-मालिकेच्या क्रँकला आधार देणारी मुख्य बेअरिंग तीनच, आजच्या चार सिलिंडरी इंजिनांत पाच असतात. म्हणूनच एसचा क्रँक खास पोलादाचा, पृष्ठभाग नायट्रोजनने कठीण केलेला होता. रॉडचे बोल्ट जुनेच वापरून पैसे वाचवणाऱ्याने पुढे ब्लॉकला पडलेल्या भोकाबद्दल तक्रार करू नये. बेअरिंगमधली फट जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी ठेवतात, दोन इंची जर्नलला ०.०५ मिलिमीटर, केसापेक्षा कमी. आणि मिनीत हेच तेल गिअरबॉक्सलाही जाते, म्हणजे दातांची झीज बेअरिंगच्या वाटेवर. तेल लवकर बदलणे हा इथे शौक नाही.

एवढे सगळे करून काय मिळते? नीट बांधलेले १३८० शंभर अश्वशक्तीच्या आसपास जाते. आजच्या स्विफ्टचे साधे बाराशे सीसीचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि संगणकाचे नियंत्रण घेऊन, ऐंशीहून जास्त देते आणि त्याला कधी ब्युरेट लावावी लागत नाही. काही जण तर मिनीच्या ब्लॉकवर बीएमडब्ल्यूच्या मोटरसायकलचे सोळा व्हॉल्व्हचे हेड बसवतात आणि पाच दारांचा प्रश्नच मिटवतात. हुशारीचे काम आहे, पण मग ते इंजिन मिनीचे उरत नाही असे मला वाटते. मूळ मिनीचे वजन साडेसहाशे किलोच्या आतबाहेर, त्यामुळे तिला शंभर घोडे खूप होतात.

पेट्रोलचाही विचार हवा. ही इंजिने शिसे मिसळलेल्या पेट्रोलच्या काळातली. शिसे नॉकिंग रोखायचे आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षणही करायचे. भारतात ते २००० साली देशभर बंद झाले, तेव्हा हेड उघडले आहेच तर कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅम फुगतात, आणि इथेनॉलला जाळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे जुन्या सुईवर मिश्रण पातळ पडते. एसयूला जाड मिश्रणाची सुई घालावी लागते. कायद्याकडेही पाहावे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांत परस्पर बदल करता येत नाही आणि सीसी हा त्यातलाच तपशील. २०२१ साली आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत तर पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असणे अपेक्षित आहे. त्यामुळे आपल्याकडे अशा गाडीच्या मालकाने आधी आरटीओचा रस्ता विचारावा, मग लेथवाल्याचा.

इंजिन गाडीत बसले, ऑइल प्रेशर आले आणि टायमिंग लावले, की नव्या कॅमची पहिली वीस मिनिटे महत्त्वाची. कॅम आणि सपाट टॅपेट तेव्हा एकमेकांना घासून आपला पृष्ठभाग घडवतात. आयडलिंगवर त्यांना पुरेसे तेल उडत नाही, म्हणून सुरू केल्या केल्या इंजिन २००० ते २५०० फेऱ्यांवर धरून ठेवायचे, आणि तेलही झिंकचे प्रमाण जास्त असलेले घ्यायचे, आजकालच्या बहुतेक तेलांत ते कमी केलेले असते. त्या वीस मिनिटांत कौतुक बघायला आलेल्या मित्रांच्या आग्रहाखातर इंजिन आयडलिंगला सोडले, तर कॅमचे उंचवटे खरवडले जातात, त्याचा चुरा त्याच तेलातून गिअरबॉक्सपर्यंत जातो आणि दोन्ही एकत्र पुन्हा खाली उतरवावे लागतात.